बिनगाठीचा टाका

पूल संपला तिथे मास्तरीण थांबली. कठड्याला हात टेकून तिने चप्पल काढली, आतला खडा झटकला आणि म्हणाली, "तुमचंच बरोबर होतं गं. तो काही शेवट नव्हता."

ती कशाबद्दल बोलतेय हे मला पटकन कळलं नाही. पोलिस ठाण्यातून निघाल्यापासून ती एकदाच बोलली होती. बसथांब्यावर आम्ही बराच वेळ उभ्या होतो. बस आली, माणसं उतरली, माणसं चढली, आणि ही तशीच उभी. बस गेल्यावर म्हणाली, "चालत जाऊ या. बसायला नको वाटतंय." ठाणं शहराच्या एका टोकाला आणि तिचं घर दुसऱ्या टोकाला. पण त्या दिवशी तिला नाही कोण म्हणणार? मी पिशवी खांद्याला अडकवली आणि चालायला लागले.

"कसला शेवट, ताई?"

"आपल्या सिरियलचा. दाराशी कोण होतं ते दाखवायला पाहिजे होतं. तुम्ही सगळ्या ओरडत होतात तेव्हा मीच मेली शहाणपणा करत बसले."

एवढं बोलून ती पुढे चालू लागली. एरवी तिच्याबरोबर चालायचं म्हणजे धापा टाकायची वेळ. त्या दिवशी मलाच पाऊल आवरावं लागत होतं.

मास्तरीण हे नाव तिला आम्ही लाँड्रीतल्या बायकांनी ठेवलं. ती शाळेत कधी शिकवायला गेली नाही, आणि शिकायलाही फार गेली नव्हती. आमची लाँड्री एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात आहे. वरच्या सगळ्या मजल्यांवरच्या चादरी, अभ्रे, रोग्यांचे पायजमे, डॉक्टरांचे हिरवे झगे ढकलगाड्यांतून खाली येतात. ते धुतले जातात, वाळतात, इस्त्रीच्या मोठ्या रोलरमधून निघतात आणि घड्या होऊन परत वर जातात. मी घड्यांच्या टेबलावर असते. मास्तरीण फाटक्या कपड्यांच्या टेबलावर. तळघराला खिडकी एकच, छताला लागून, आणि तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे नुसते पाय दिसतात. उजेड हवा म्हणून त्या खिडकीखालची जागा तिची.

तिथे तिचं राज्य. नवी बाई कामाला आली की पहिले काही दिवस तिच्या हाताखाली. गाठ मारायची नाही, हा पहिला धडा. रोगी माणूस दिवसरात्र त्या चादरीवर पडून असतो. आपल्याला मोहरीएवढी वाटणारी गाठ त्याच्या पाठीला रुतते, कातडी लाल होते, मग तिथे जखम होते. म्हणून दोरा सुरुवातीला थोडा मागे फिरवून आपल्याच टाक्यांखाली दाबायचा, संपवतानाही तसाच. टाका कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे बोट फिरवून कळता कामा नये. कुणाची गाठ सापडली तर मास्तरीण काही न बोलता ती दाताने तोडायची आणि अख्खी शिवण उसवून कापड परत पुढ्यात टाकायची. पोरी रडायच्या. तिला त्याचं काही नाही.

"ताई, तुमचं कुठलं आणि माझं कुठलं तेच कळत नाही आता," एखादी तयार झालेली पोरगी म्हणायची.

"मग झालं शिकून. माझं मला ओळखता येत नाही, तुला कसं येईल?" असं ती म्हणायची, आणि एवढं बोलताना मात्र तिचा चेहरा खुलायचा.

दुपारी फाटक्यांचा ढीग उपसून झाला की ती माझ्याकडे यायची. मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोन टोकांना दोघींनी उभं राहायचं, कोपरे जुळवायचे, चालत एकमेकींपाशी यायचं, टोकं हातात द्यायची, पुन्हा मागे जायचं. जवळ आलं की दोन वाक्यं बोलायची, लांब गेलं की गप्प. आमची सगळी मैत्री अशी झाली. तिची सगळी गोष्टही मी अशीच, घडीघडीने ऐकली.

आईवडील लवकर गेले. मागे ही आणि एक धाकटा भाऊ. याचं शिक्षण होऊ दे, याला कामाला लागू दे, असं करता करता हिचं लग्न राहिलं. तो वायरमन झाला. लाँड्रीच्या फाटकाशी तिला न्यायला यायचा तेव्हा मी त्याला पाहिलेलं आहे. हडकुळा, बोलका, सदा पँटच्या उजव्या खिशात टेस्टर. आमच्या बॉयलरवाल्या मामांना तो 'इंजिनसाहेब' म्हणायचा आणि मामा खूश व्हायचे. मला एकदा म्हणाला, "वहिनी, तुमची देवाकडे वरपर्यंत ओळख आहे म्हणे. माझ्या नावाची पण चिठ्ठी टाका कधी."

मग एका सुटीच्या दिवशी दुपारी घरातला छताचा पंखा बंद पडला. त्याने तो उतरवला, पाती काढून भिंतीशी रचली, उघड्या तारांना टेप गुंडाळली, आणि एक छोटासा भाग आणायला म्हणून खाली उतरला. जाताना म्हणाला, "दार नुसतं लोटून घे, आलोच." तो आलाच नाही. दुकानदार म्हणाला, माझ्याकडे कुणी आलं नव्हतं. भांडण नाही, देणंघेणं नाही, बाई नाही, बाटली नाही. घरातल्या चपला घालून गेलेला माणूस. बरीच वर्षं झाली. खालच्या घरातली मुलगी तेव्हा रांगत होती, आता ती दोन वेण्या घालून शाळेत जाते.

पोलिसांत कळवलं, फोटो लावले, ओळखीच्यांकडे विचारलं. सुरुवातीला कुठे बेवारस माणूस सापडला की ती बघायला जायची आणि परत येऊन टाके घालत बसायची. पुढे बोलावणीही थांबली. पंखा तिने बसवू दिला नाही. "तो येऊन बसवेल," म्हणायची. उन्हाळ्यात तिच्या त्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत श्वास घेववत नाही. कोपऱ्यात एक टेबलफॅन मान हलवत असायचा आणि वर छताला टेप लावलेल्या दोन तारा लोंबत असायच्या. पंखा आणि पाती कपाटामागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. टाका घालता घालता ती मधेच मान वर करून खिडकीतले पाय बघायची. त्याची चाल मी पायांवरून ओळखीन, म्हणायची.

आता माझ्या प्रार्थनेचं सांगायला हवं, कारण पुढे त्याचा संबंध येतो. मी रोज संध्याकाळी देवापुढे हात जोडून बसते. मोठं काही नाही. आईने शिकवलं होतं की देवापाशी एकदम गर्दी करू नये, ओळीने नावं घ्यावीत. पहिल्या ओळीत जिवंत माणसं, त्यांना म्हणायचं, सांभाळ. दुसऱ्या ओळीत गेलेली, त्यांच्यासाठी म्हणायचं, तुझ्यापाशी नीट ठेव. लाँड्रीत हे सगळ्यांना माहीत. मला त्या पुजारीण म्हणतात.

एकदा चादर जुळवताना जवळ आल्यावर मास्तरणीने विचारलं, "आमच्या धाकट्याला कुठल्या ओळीत घेतेस?"

"पहिल्या."

"ठीक," म्हणाली आणि मागे गेली. पुढच्या खेपेला जवळ आल्यावर म्हणाली, "पुढेच घेत जा. त्याला मागे उभं राहायची सवय नाही."

त्या वर्षी टीव्हीवर ती मालिका लागली. मास्तरणीकडे टीव्ही नव्हता, म्हणून ती आमच्याकडे यायची. आमचे हे तिला खुर्ची द्यायचे आणि स्वतः जमिनीवर बसून मध्ये मध्ये 'खुनी तोच, मी सांगतो' करायचे. गोष्ट एका पुलावरच्या टोलनाक्यावरच्या कारकुनाची. तो एके दिवशी कामावरून घरी येतच नाही. बायको वाट बघते. एक पोलिस अधिकारी बाई शोध घेते. भाग पुढे जातील तसे कळत जातं की त्याने नाक्यावर काहीतरी पाहिलं होतं. शेवटच्या भागात एक जळालेली गाडी सापडते, आत एक माणूस. तपासणीचा कागद त्या अधिकारी बाईच्या हातात येतो, ती वाचते, पण आपल्याला काही दाखवत नाहीत. तिकडे कारकुनाच्या घराची बेल वाजते. बायको दाराशी जाते, दाराच्या भोकातून बाहेर बघते. नुसता तिचा चेहरा. हात कडीवर जातो. आणि संपलं. नावं वर चढायला लागली.

"लाइट गेले का?" आमच्या ह्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत वाफेपेक्षा जास्त तेच चाललं होतं. रोलरवरची बाई, तिला आम्ही भोंगा म्हणतो, कारण मशिनं चालू असतानाही तिचा आवाज गेटपर्यंत जातो, ती तर पेटलीच होती.

"ही फसवणूक आहे. इतके दिवस बसवून ठेवलं आणि दाराशी आणून तोंडावर पडदा पाडला. मी काय ती कडी बघायला बसले होते का? कडी माझ्या घरी आहे."

बॉयलरवाले मामा दाराशी येऊन म्हणाले, "त्यात कळायचंय काय? तो मेला. बेल कशी वाजली ऐकलंस का? दोनदा. घरचा माणूस एकदा वाजवतो."

"उशीर झाला असेल तर घरचाही दोनदा वाजवतो," मास्तरीण सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली.

"आमचे तर लाथ मारतात," भोंगा म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

"पण त्या बाईच्या चेहऱ्यावर काय होतं?" मी म्हटलं. "मला तर आधी आनंद वाटला, मग वाटलं की नाही, ती आता रडणार. बनवणाऱ्याला तरी ठाऊक असेल ना, बाहेर कोण होतं?"

"त्याला कुठलं ठाऊक," मामा म्हणाले. "सुचलं नाही, सोडून दिलं."

"तुझ्या देवाला विचार की," भोंगा मला म्हणाली. "तो बघतो का सिरियल?"

मास्तरणीने टाका ओढला. "मला आवडला शेवट," ती म्हणाली.

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. जिला एक सुटा दोरा सहन होत नाही, तिला म्हणे हा अर्धवट शेवट आवडला.

"दार उघडलं असतं तर काय झालं असतं?" ती म्हणाली. "एकच कुणीतरी असतं. नवरा तरी, नाहीतर ती पोलिसबाई तरी. उघडलं नाही म्हणून अजून दोघंही आहेत बाहेर. ती कडीला हात लावून उभी आहे ना, ती बरी आहे तिथेच. तिला कशाला ढकलता?"

"अगं पण किती दिवस उभी राहणार?" भोंगाच्या लक्षात आलंच नाही ती कुणाशी बोलतेय. "कंटाळेल की नाही माणूस? मी असते तर केव्हाच कडी लावून झोपले असते. इतकं कुणी दाराकडे बघत बसतं का?"

मग तिच्या लक्षात आलं. रोलर चालू होता म्हणून बरं, नाहीतर ती शांतता ऐकवली नसती.

मास्तरीण हसली. "बसतं. खुर्ची बरी असली की बसतं," म्हणाली आणि दुसरी चादर पुढ्यात ओढली. दुपारी भोंगाने तिला डब्यातलं गोड काढून दिलं. तिनेही ते मुकाट्याने खाल्लं. विषय तिथे संपला असं आम्हाला वाटलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी तिला ठाण्यातून बोलावणं आलं. शहराबाहेरच्या तळ्याचा गाळ काढताना एका माणसाची हाडं सापडली होती. तिच्या रक्ताशी जुळवून बघायला म्हणून आधीच तिचं रक्त नेलं होतं, पण हाडं फार काळ पाण्यात राहिलेली, प्रयोगशाळेने हात टेकले. आता राहिलं होतं ते गाळात दाबून राहिलेलं थोडं कापड. ते ओळखता येतंय का बघा, म्हणाले. ती मला म्हणाली, "चल गं बरोबर. तू तिथे काही बोलू नकोस, नुसती बस."

ठाण्यात एक पोट सुटलेले, दमलेले साहेब होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आधी पाणी दिलं, मग पिशवी उघडून टेबलावर कापड पसरलं. पँटचा वरचा भाग. रंग असा उरलाच नव्हता, नुसता मातकट. उजवा खिसा आतून फाटला होता आणि त्याला कधीतरी दुसऱ्या कापडाचं अस्तर लावलेलं होतं.

मी मनात देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

"धाकट्याचा खिसा टेस्टरने फाटायचा," ती म्हणाली. "खाली, ह्या कोपऱ्यात. मी त्याला आतून नवं कापड लावून द्यायची. आमच्याकडच्या रद्द चादरींचं."

"मग हे तेच आहे का?" साहेबांनी विचारलं. "किल्ल्या ठेवणाऱ्याचाही खिसा तिथेच फाटतो, बाई. म्हणून विचारतो."

तिने खिसा उलटा केला. खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, शिवणीवरून बोट फिरवलं. एकदा, मग परत. लाँड्रीत नव्या पोरीचं काम तपासायची तशीच. शिवणीला गाठ नव्हती. दोरा मागे फिरवून टाक्यांखाली दाबला होता. मला वाटलं, झालं, आता ती हो म्हणणार.

तिने खिसा परत सुलटा केला. मग म्हणाली, "माझं काम असेल. पण असं आमच्याकडची प्रत्येक बाई करते. मीच शिकवलंय सगळ्यांना. किती आल्या, किती सोडून गेल्या. सगळ्याच घरी चिंध्या न्यायच्या, नवऱ्यांचे, पोरांचे खिसे शिवायच्या. ह्यात माझं म्हणून काही नाही."

"दोऱ्यावरून? कापडावरून?"

"दोरा हॉस्पिटलचा. कापडही."

साहेबांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "हे बघा, तुम्ही हो म्हणालात तर आमच्याकडून विषय मिटतो. हाडं तुमच्या ताब्यात देऊ, तुम्हाला जे करायचं ते करता येईल. नाही म्हणालात तरी चालेल. पण एक काहीतरी म्हणा."

"आणि हा दुसऱ्या कुणाचा असला तर?" तिने विचारलं. "मी घेऊन गेले, आणि ह्याची बहीण तिकडे वाट बघत बसली तर?"

साहेब रिकाम्या पिशवीची कड चाळवत राहिले.

"सांगता येत नाही," मास्तरीण म्हणाली. तिने ते कापड टेबलावर ठेवलं आणि सवयीने त्याची घडी घालायला लागली. साहेबांनी हळूच तिचा हात थांबवला.

म्हणजे इतकी वर्षं जिथे उभी होती, तिथेच ती पुन्हा उभी राहिली. फरक इतकाच, की आता तिने भोकातून बाहेर बघितलं होतं.

पूल ओलांडल्यावर आम्ही नदीकाठच्या रस्त्याने, मग गोदामांच्या मागून, मग भाजीबाजाराच्या बाजूने चालत राहिलो. मी दोनदा पाणी प्यायचं का विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "एवढी वर्षं मला एका गोष्टीचा गर्व होता, बघ. माझी शिवण कुणाला ओळखू येत नाही ह्याचा. एक गाठ मारून ठेवली असती त्याच्या खिशाला, एवढीशी, तर आज मला सापडली असती. त्याच्या पाठीला थोडीच रुतणार होती ती? खिशातच होती. पण हाताला वळणच नाही."

"तुम्हाला काय ठाऊक असं होईल म्हणून."

"नाही ना. पण तरी." काही पावलं चालून म्हणाली, "त्या सिरियलवाल्याचा मला आता राग येतोय. दोघंही बाहेर आहेत, असं मी म्हटलं होतं ना? खोटं आहे ते. दोघं कधीच नव्हती. बाहेर एकच कुणीतरी आहे, पहिल्यापासून आहे. आपल्याला दाखवत नाहीत, एवढंच. आणि न दाखवण्यात कसली आलीय हुशारी? त्या बाईला तिथे सोडून सगळे जेवायला गेले."

मला देवाचं काहीतरी सांगावंसं वाटलं. त्याला ठाऊक आहे, त्याच्याकडे काही अर्धवट नसतं, असं. मी ते मानते, आजही मानते. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून तोंडातून निघेना. तिच्या ते लक्षात आलं असावं.

"तुझ्या देवाला ठाऊक असेल," ती म्हणाली. "पण तो माझ्याशी बोलत नाही, त्याला मी काय करू?"

तिच्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या सामानाचं दुकान आहे. धाकटा त्या दिवशी जिथे पोचलाच नाही, तेच. इतकी वर्षं ती ते दुकान टाळून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालायची. त्या दिवशी ती सरळ पायरी चढली.

"छताचा पंखा बसवून द्यायचाय. आत्ता माणूस मिळेल का?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. दुकानदार तिला ओळखत होता. त्याने काही न विचारता आपल्या वायरमनला हाक मारली. तो मध्यमवयीन माणूस खांद्याला पिशवी लावून आमच्यामागे जिना चढला. मास्तरणीने कपाट पुढे ओढलं. कागदात गुंडाळलेला पंखा आणि पाती काढली. कागद हाताला लागताच तुकडे होऊन पडत होता. पात्यांवर खडूने एक, दोन, तीन असे आकडे घातलेले होते, आणि पंख्याच्या पोटाशीही तेच.

"ज्याने काढला तो जाणकार आहे," वायरमन म्हणाला. "कुठलं पातं कुठे, ते लिहून ठेवलंय." आणि पाती जिथल्या तिथे लावून झाल्यावर त्याने धूळ पुसायचं फडकं काढलं आणि ते आकडे पुसून टाकले. त्याचं काही चुकलं नाही. सगळे तसंच करतात. मी पुढे होणार होते, पण मास्तरणीने माझं मनगट धरलं.

त्याने पिशवीतून बोटाएवढा एक डबीसारखा भाग काढला, दोन तारा जोडल्या, स्टुलावरून खाली उतरला आणि बटण दाबलं. पंखा आधी कुरकुरला, मग फिरायला लागला. वरून भुगा खाली पडला.

"झालं?" मास्तरणीने विचारलं.

"झालं. एवढाच भाग गेला होता."

"एवढंच काम होतं?"

"एवढंच. चहा उकळेपर्यंत होतं." तो हसला, पिशवी उचलली आणि गेला.

आम्ही दोघी कॉटवर बसलो. खोलीत वारा खेळत होता. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं. टेबलफॅन कोपऱ्यात उगाच मान हलवत होता. मी उठून तो बंद केला. मास्तरीण वर बघत होती. रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं, पाणी दिलं असतं, पाठीवरून हात फिरवला असता.

"गार वाटतंय," ती म्हणाली. मी निघायचं म्हणून पिशवी घेतली, कारण घरी जाऊन माझी संध्याकाळची प्रार्थना व्हायची होती. ती माझ्यामागोमाग दारापर्यंत आली.

"आज बसशील ना देवापुढे?"

"बसते की रोज."

"मग एक कर माझ्यासाठी." दाराच्या चौकटीला धरून ती उभी होती. आवाज अगदी साधा, चादरीचा कोपरा नीट धर म्हणताना असायचा तसा. "आजपासून धाकट्याला दुसऱ्या ओळीत घे. आणि मी पुढे कधी म्हटलं ना, की नको, परत पहिल्या ओळीत घे, तर माझं ऐकू नकोस."